अनुदान कोणाच्या नावे?

(रामाकोना येथे शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारी अनुदानाचा विषय निघाला की सभेत दोन तट पडतात. एक म्हणतात, सरकारने शेतकऱ्याला आयतोबा करून सोडले. दुसरे म्हणतात, मिळते ते दाताच्या फटीत अडकण्याइतकेही नाही. या दोहोंपैकी कोणाचेही वकीलपत्र घेऊन आम्ही येथे उभे राहिलेलो नाही. आमचा प्रश्न याहून साधा आहे, आणि आमच्या मते अधिक निकडीचा आहे. सरकारच्या तिजोरीतून शेतीसाठी म्हणून जो पैसा निघतो, तो कोणाच्या नावे निघतो? वावर ज्याच्या नावे आहे त्याच्या, की त्या वावरातील पऱ्हाटी ज्याच्या हाताने उभी राहते त्याच्या? ही दोन माणसे एकच असतील तेथे प्रश्न उद्भवत नाही. परंतु ती एकच असतात असे या पंचक्रोशीत छातीला हात लावून कोण म्हणू शकेल?

प्रथम रोख रकमेचे पाहू. केंद्र सरकारची शेतकरी सन्मान निधीची योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी. आरंभी ती दोन हेक्टरांपर्यंतच्या खातेदारांपुरती होती. पुढे त्याच वर्षी ती मर्यादा उठली. मध्य प्रदेश सरकारने २०२० साली तिच्यावर आपल्या चार हजारांची भर घातली व २०२३ मध्ये त्यांचे सहा हजार केले. त्याच २०२३ साली महाराष्ट्रानेही नमो शेतकरी महासन्मान निधी काढून आपल्या शेतकऱ्यांना सहा हजार देऊ केले. म्हणजे सौसरच्या खातेदारालाही बारा हजार आणि सावनेरच्या खातेदारालाही बारा हजार. आयकर भरणारे, मोठे निवृत्तिवेतन घेणारे वगैरेंना यातून वगळले आहे, ते योग्यच आहे. एवढ्यापुरती तरी सीमा पुसली गेली असे म्हणावयास हरकत नाही. आणि ती पुसण्यास एखादा आयोगही नेमावा लागला नाही!

परंतु या योजनेची मेख तिच्या व्याख्येत आहे. तिच्या दृष्टीने शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर १ फेब्रुवारी २०१९ रोजी शेतजमीन होती तो. वारसाहक्काने नाव चढले तरच त्यानंतरचा माणूस आत येतो. पतीपत्नी व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब, आणि कुटुंबाला लाभ एक. आता पाहा. जमिनीचा धनी नागपूरला किंवा छिंदवाड्याला नोकरीस आहे, त्याचे वावर गावातला दुसरा कोणी मक्त्याने किंवा बटईने करतो, बी त्याचे, बैल त्याचे, रात्री मोटारपंप सुरू करावयास उठणे त्याचे. हप्ता मात्र जातो धन्याच्या खात्यात. विधवा सून सासऱ्याच्या नावाच्या शेतात राबते. फेरफार झालेला नाही. हप्ता तिला नाही. धन्याचा यात काही अपराध आहे असे आम्ही म्हणत नाही. कायद्याने जे त्याच्या खात्यात टाकले ते त्याने का परत करावे? मात्र आम्हाला एवढेच विचारावयाचे आहे की, धन्याला बारा हजार मिळू लागले म्हणून त्याने मक्ता बारा हजारांनी उतरविला, असे आपल्यापैकी कोणी पाहिले आहे काय?

हा दोष काही आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत १९३३ साली, मंदीच्या ऐन दिवसांत, कापसाचा भाव सावरावा म्हणून तेथील सरकारने शेतकऱ्यांना उभे पीक नांगरून टाकण्याबद्दल पैसे दिले. सुमारे एक कोट एकर कपाशी त्या एका हंगामात नांगराखाली गेली. दक्षिणेकडील राज्यांत ती कपाशी पिकविणारे बहुसंख्य लोक बटईदार होते, काळे आणि गोरेही. पैसे आले जमीनमालकांच्या हाती. कागदोपत्री त्यांतला वाटा बटईदाराला द्यावयाचा होता, पण अनेक ठिकाणी तो वाटा मिळणे दूरच, पीक कमी करावयाचे तर माणसे कशाला हवीत म्हणून बटईदारांनाच जमिनीवरून काढून टाकण्यात आले. त्यांतूनच १९३४ मध्ये आर्कन्सा राज्यात काळ्या आणि गोऱ्या बटईदारांची एकत्र संघटना उभी राहिली. ज्या काळी ते दोघे एका बाकावर बसत नसत, त्या काळची ही गोष्ट आहे. अनुदान जमिनीला चिकटविले म्हणजे काय होते, याचा धडा कापसाच्याच पिकाने इतक्या पूर्वी दिलेला असता, आपल्या राज्यकर्त्यांनी त्याकडे पाहू नये याचे आम्हाला नवल वाटते.

कोणी म्हणेल, कसणाऱ्याने आपले नाव कागदावर का चढविले नाही? हा प्रश्न विचारणे सोपे आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर थोडे मागे जावे लागते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत सौसर आणि सावनेर ही एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मालगुजारी गेली तीही दोन्हीकडची एकाच कायद्याने, १९५० च्या. त्यानंतर राज्ये वेगळी झाली, तसे कायदेही वेगळे झाले. विदर्भाला १९५८ चा कुळकायदा मिळाला आणि पुढे महाराष्ट्राची १९६६ ची महसूल संहिता. आपल्या वाट्यास मध्य प्रदेशाची १९५९ ची भू-राजस्व संहिता आली. तिकडे सातबारा, इकडे खसरा व बी-एक. तिकडे तलाठी आला, इकडे अजूनही पटवारी. त्या १९५९ च्या संहितेने असे ठरविले की विधवा, अज्ञान, अपंग, सैन्यातील नोकर अशांचा अपवाद सोडून कोणाही भूमिस्वामीने आपली जमीन तीन वर्षांत एका वर्षाहून अधिक काळ पट्ट्याने देऊ नये. दिल्यास कसणाऱ्याला मौरूसी कुळाचे हक्क लागू होतील. हेतू उदात्त होता. परिणाम असा झाला की मालकाने कागद करणेच सोडून दिले. दरवर्षी वावर बदलावयाचे, नाहीतर तोंडी बोलीवर चालवावयाचे, आणि पटवाऱ्याच्या गिरदावरीत पीक मालकाने केले असे लिहून घ्यावयाचे. कुळाच्या रक्षणासाठी केलेल्या कलमाने कुळालाच कागदावरून अदृश्य केले. आज अनुदानाच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याचे नाव त्या काळापासून कोणत्याच यादीत नाही.

ही अडचण सरकारला कळली नाही असेही नाही. नीती आयोगाने २०१६ साली शेतजमीन पट्ट्याने देण्याचा एक आदर्श कायदा तयार करून राज्यांपुढे ठेवला, आणि मध्य प्रदेशाने त्याच वर्षी भूमिस्वामी व बटईदार यांच्या हितरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याप्रमाणे दोघांनी लेखी करार करावयाचा, त्याची मुदत पाच वर्षांपर्यंत असू शकते, आणि मुदत संपली की जमीन मालकाची ती मालकाचीच. कसणाऱ्याला मालकी सांगता येत नाही. म्हणून मालकाने भिण्याचे कारण राहिले नाही. नैसर्गिक आपत्तीची मदत व विम्याची भरपाई यांत मात्र कसणाऱ्याचा हक्क मानला गेला. हा कायदा होऊन इतकी वर्षे लोटली. आपल्यापैकी किती जणांनी असा करार पाहिला आहे? आम्ही हात वर करावयास सांगत नाही, कारण कोणाला संकोच वाटावा अशी आमची इच्छा नाही.

याहूनही विलक्षण गोष्ट अशी की याच राज्याच्या गहूखरेदीच्या नोंदणीत ‘सिकमी’ आणि ‘बटाईदार’ असा वेगळा वर्ग आहे. कराराची प्रत जोडली की बटईदाराच्या नावाने नोंदणी होते आणि पैसा त्याच्या खात्यात जातो. पीकविम्याच्या २०१६ च्या केंद्रीय योजनेतही मक्तेदार व बटईदार यांस कागद दाखवून भाग घेता येतो. खरिपाला शेकडा दोन, रबीला दीड आणि नगदी व फळपिकांना पाच हा विमाहप्ता त्यांनाही तोच. म्हणजे सरकारचा एक हात बटईदाराला ओळखतो आणि दुसरा हात त्याला ओळख देत नाही. खताच्या बाबतीत तर २०१८ पासून अशी पद्धत आली की दुकानातील यंत्रावर आधार व अंगठा दिला की गोणी मिळे आणि अनुदान कंपनीला पोचे. युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची पन्नास किलोची १३५० रुपयांना, हे भाव मालकालाही तेच आणि मक्तेदारालाही तेच. त्या गोणीमागे केंद्राची तिजोरी जो भार सोसते तो कसणाऱ्यापर्यंत पोचला, कारण तेथे जमिनीचा कागद आड आला नाही.

इतर राज्यांनी काय केले? तेलंगणाने २०१८ मध्ये एकरी चार हजार रुपये दर हंगामाला देण्याची योजना काढली. ज्याच्याकडे जमीन अधिक त्याला पैसा अधिक, आणि कसणाऱ्या कुळाला काहीच नाही. ओडिशाने त्याच वर्षाच्या अखेरीस काढलेल्या ‘कालिया’ योजनेत मात्र बटईदारांना आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबांनाही स्थान दिले. म्हणजे गोष्ट अशक्य कोटीतली नाही. ओडिशा काही आपल्याहून फार श्रीमंत राज्य नव्हे.

नावाचे इतके झाले. आता पिकाचे पाहू, कारण ज्याच्या नावावर जमीन आहे त्या सौसर-पांढुर्ण्याच्या शेतकऱ्यानेही हसण्याचे कारण नाही. २०१७ च्या खरिपात भोपाळच्या सरकारने भावांतराची योजना आणली. हमीभाव आणि बाजारभाव यांतील फरक सरकारने द्यावयाचा. यादीत पिके आठ होती: सोयाबीन, भुईमूग, तीळ, रामतीळ, मका, मूग, उडीद, तूर. कापूस नाही. संत्रे तर नाहीच. मक्याने छिंदवाड्याच्या वरच्या पठाराला थोडे दिले असेल. आमच्या खालच्या काळ्या जमिनीला काय? शिवाय त्या वेळी भाव पाडून व्यापाऱ्यांनीच मधला लोणी खाल्ले अशी ओरड राज्यभर झाली. २०२५ मध्ये भावांतर पुन्हा आले, ते सोयाबीनपुरते. हमीभाव ५३२८ रुपये. त्याच वर्षी गव्हाच्या २४२५ रुपयांच्या हमीभावावर राज्याने १७५ रुपयांचा बोनस देऊन २६०० केले. माळव्याच्या आणि नर्मदाखोऱ्याच्या शेतकऱ्याला ते मिळाले याबद्दल आम्हाला असूया नाही. परंतु २०२५ च्या ऑगस्टात केंद्राने परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क उठविले आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली, तेव्हा ज्याच्या घरात वेचणीचा कापूस येऊन पडत होता त्याला कोणता बोनस मिळाला? मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० असा हमीभाव जाहीर होता खरा. पण कापूस निगमाला कापूस घालावयाचा तर आधी मोबाइलवर नोंदणी आणि जमिनीचा दाखला. पुन्हा तोच कागद! मक्त्याने पऱ्हाटी करणाऱ्याने तो कोठून आणावा? तो आपला कापूस व्यापाऱ्याला देतो, किंवा धन्याच्या नावाने घालून पैशांसाठी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

कापसाचा आणि या सीमेचा संबंध फार जुना आहे, आणि ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना तो आम्ही सांगण्याची गरज नाही. १९७२-७३ च्या हंगामापासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. तिकडच्या शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी खरेदीखेरीज कोठेही विकावयाचा नाही, असा कायदा. ज्या वर्षी तिकडचा हमीभाव चढा असे त्या वर्षी इकडच्या गाड्या रात्री तिकडे जात. ज्या वर्षी खुल्या बाजारात तेजी असे त्या वर्षी तिकडच्या गाड्या इकडे येत. पोलीस नाक्यावर, आणि गाडीवाट नाक्याला वळसा घालून! तीस एक वर्षे हा खेळ चालला. एकाच जातीची कपाशी, एकाच काळीत उगवलेली. परंतु शिवेच्या अलीकडे ती माल होती आणि पलीकडे गेली की चोरटा माल. अनुदान असो की हमी, ती राज्याच्या हद्दीत बांधली म्हणजे सीमेवरच्या माणसाला एक तर नुकसान सोसावे लागते, नाहीतर कायदा मोडावा लागतो.

संत्र्याचेही तसेच. पांढुर्ण्याची बाग आणि वरुडची बाग यांत फरक सांगू शकेल असा माळी आम्ही अद्याप पाहिलेला नाही. दोन्हीकडे आंबिया आणि मृग हेच बहार, दोन्हीकडे बहारावरच उभी बाग व्यापाऱ्याला देण्याची तीच रीत, दोन्हीकडचा माल एकाच वाटेने बांगलादेशापर्यंत जाणारा. बांगलादेशाने २०१९ नंतर संत्र्यावरील आयातशुल्क वाढवीत नेले आणि त्या बाजारपेठेची वाट जवळजवळ बंद होत आली. तेव्हा २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने त्या शुल्काचा निम्मा भार उचलण्याचे ठरविले. ते अनुदान महाराष्ट्राच्या संत्र्यासाठी होते, आणि महाराष्ट्राच्या तिजोरीतून द्यावयाचे म्हटल्यावर ते तसे असणारच. परंतु शुल्क मात्र ढाक्याने संत्र्याचे राज्य विचारून बसविलेले नव्हते.

विजेचा हिशोब तर शाळेतल्या मुलानेही करावा. मध्य प्रदेशात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला दर अश्वशक्तीमागे वर्षाला ७५० रुपये. पाच अश्वशक्तीच्या पंपाला ३७५०. महाराष्ट्राने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाची वीज माफ केली. उलट बाजूही सांगितली पाहिजे: महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा दिला आणि २०२५ मध्ये तो बंद करून टाकला. निवडणुकीच्या आधी दिलेले निवडणुकीनंतर टिकेलच असे कोणत्याही राजधानीचे नाही, मग ती भोपाळ असो की मुंबई.

आता जे येऊ घातले आहे त्याकडे आपले विशेष लक्ष असावे. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्राने डिजिटल कृषी मोहिमेस मंजुरी दिली. अकरा कोटी शेतकऱ्यांना एकेक ओळखक्रमांक द्यावयाचा, तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला, आणि अनुदान, कर्ज, विमा, खरेदी हे सर्व त्या क्रमांकावर. महाराष्ट्राने एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना तो सक्तीचा केला. आपल्याकडेही त्याची नोंदणी झाली आणि होत आहे. सोय होईल, दलाल कमी होतील, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु क्रमांक जमिनीतून उगवणार आणि जमीन ज्याच्या नावे नाही त्याला क्रमांक नाही, असे झाले तर आजवर जो मनुष्य कागदावर दिसत नव्हता तो उद्या यंत्रालाही दिसणार नाही. आज निदान पटवाऱ्यापुढे उभे राहून ‘साहेब, वावर मी करतो’ असे म्हणता येते. यंत्राला ते ऐकू येत नाही.

यास्तव आमचे म्हणणे असे की, पांढुर्णा हा २०२३ च्या ऑक्टोबरात स्वतंत्र जिल्हा झाला आहे, तेव्हा त्याने प्रथम एवढे करावे: दर हंगामाच्या गिरदावरीत पिकाबरोबर ते पीक प्रत्यक्ष कोण करतो त्याचे नाव लिहावे. पीक कोणते हे पाहण्यासाठी माणूस बांधापर्यंत जातोच. ते कोणी केले हे विचारण्यास आणखी किती वेळ लागतो? आणि ज्या वर्षी पाऊस किंवा गारपीट पीक नेईल, त्या वर्षीची मदत तरी त्या नावाने जावी. सन्मान निधी दिल्लीच्या नियमांनी चालतो, तो आपण येथून बदलू शकत नाही. गिरदावरी मात्र सौसरच्या तहसिलीत होते.

आपल्याकडूनही काही व्हावयास हवे. मालक मंडळींना आमची विनंती आहे, करार लिहून द्या. २०१६ च्या कायद्याने आपली जमीन कोणी नेत नाही. उलट तोंडी बोलीवरच भांडणे अधिक होतात हे आपण कोर्टाच्या पायऱ्या चढून शिकला आहात. कसणाऱ्यांना आमचे सांगणे, पेरणीच्या आधी कागद करा, पेरणीनंतर नव्हे. पीक उभे राहिल्यावर मालकाचे मन आणि आपली गरज दोन्ही बदलतात. ज्या घरांत कर्ता पुरुष गेला आहे तेथे विधवेच्या नावाचा फेरफार चालू हंगामातच करून घ्या. दीर-जावांचे बोलणे पुढे पाहता येईल.

आणि एक गोष्ट भाषेची. अर्ज हिंदीत आहे, यंत्रावरचा मजकूर कधी हिंदीत तर कधी इंग्रजीत आहे, आणि ‘सिकमी’ म्हणजे आपला मक्तेदार हे कित्येकांना शेवटपर्यंत कळत नाही. शब्द न कळल्यामुळे चुकीच्या रकान्यात खूण पडते आणि लाभ अडकतो. हिंदीशी आमचे वैर नाही; ती आपण बाजारात रोज बोलतो. परंतु राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने कोणाही नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क दिला आहे. मराठी या राज्यात वापरात आहे की नाही, हे ठरविण्यास सौसरचा आठवडी बाजार पुरेसा आहे. तेव्हा हप्ता अडला, नाव चुकले, गिरदावरीत दुसऱ्याचे पीक चढले, तर तक्रार मराठीत लिहा, पोच घ्या, आणि पोच जपून ठेवा.

करारनाम्याचा एक नमुना आम्ही मराठीत व हिंदीत शेजारी-शेजारी लिहून आणला आहे. त्यात जमिनीचा खसरा क्रमांक, क्षेत्र, मुदत, मक्ता रोख की पिकाचा हिस्सा, आणि विम्याची भरपाई आली तर ती कोणाकडे किती, एवढ्याच बाबी आहेत. ज्यांनी आपले खसऱ्याचे कागद सोबत आणले असतील त्यांनी सभा संपल्यावर येथेच थांबावे. लिहिणारी दोन मुले बसविली आहेत, आणि ती पैसे घेत नाहीत.